बाटलीत ताकद नसते

गळीत हंगामात अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर चढाला लागला, की सायलेन्सरमधून काळा धूर ओकतो. डिझेल भरपूर जात असतं, पण ते सगळं जाळायला सिलिंडरमध्ये हवा पुरत नाही. न जळलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडतं. नायट्रस ऑक्साइडचं काम नेमकं याच ठिकाणी सुरू होतं.

२००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ने जगभरच्या पोरांच्या डोक्यात वेगळंच चित्र भरवलं: बटण दाबलं, बाटलीतला वायू पेटला, गाडी सुटली. पण नायट्रस ऑक्साइड पेटतच नाही. ते इंधन नव्हे. ताकद येते पेट्रोलमधूनच. हा वायू फक्त त्याच इंजिनात जास्त पेट्रोल जाळण्याची सोय करतो. कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्याला हे सांगावं लागणार नाही. बगॅस कितीही ढकला, पंख्याने हवा दिली नाही तर नुसता धूर होतो.

आता आकडे. आपल्या हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. मात्र तो नायट्रोजनला बांधलेला असतो. तापमान साधारण ५७० अंशांवर गेलं की रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटतानाच थोडी उष्णताही देतो. दुसरा फायदा थंडाव्याचा. बाटलीत हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश. नोझलमधून बाहेर पडताच तो उकळतो, आत येणारी हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत आणखी ऑक्सिजन मावतो.

‘मग जितका जास्त सोडू तितकी जास्त ताकद’ हा समज सगळ्यात महागात पडणारा. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. त्यामुळे नायट्रससोबत जादा पेट्रोल मोजून द्यावंच लागतं, आणि ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते. पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग सुरू होतं, पिस्टनला भोक पडतं, आणि हे काही सेकंदांत होतं. म्हणून नीट बसवलेली यंत्रणा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच वायू सोडते. सिनेमातल्यासारखा तो संपता संपत नाही असंही नाही. शंभर हॉर्सपॉवर वाढवायची असेल तर साडेचार किलोची बाटली दोनेक मिनिटांत रिकामी.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. टायरमध्ये भरतात तो नुसता नायट्रोजन. त्याने इंजिनाला काडीचाही फरक पडत नाही. परदेशातल्या ड्रॅग रेसमध्ये ‘नायट्रो’ म्हणतात ते नायट्रोमिथेन, आणि ते मात्र खरोखर इंधन आहे. दवाखान्यात भूल देताना निळ्या सिलिंडरमधून देतात तोच वायू इंजिनात जातो हे बरोबर, पण मोटारीसाठीच्या बाटलीत सहसा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, कुणी नशेसाठी हुंगू नये म्हणून.

ही युक्ती रेसवाल्यांनी शोधली असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ नावाने ती मेसरश्मिट १०९ सारख्या विमानांत वापरली. उंचावरच्या विरळ हवेत इंजिनं धापा टाकत, तिथे हा वायू कामी येई.

ऊसपट्ट्यात आणखी एक प्रश्न हमखास निघतो: इथेनॉलमध्येही वजनाने ३५ टक्के ऑक्सिजन असतो, मग ई-२० पेट्रोलने नायट्रससारखी ताकद का वाढत नाही? कारण तो ऑक्सिजन इथेनॉलच्या स्वतःच्या कार्बन-हायड्रोजनला आधीच जोडलेला आहे. ते इंधन एका अर्थाने थोडं जळून आलेलं असतं. म्हणूनच लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी भरते. ऑक्टेन मात्र चांगलं असतं.

जालन्याच्या उन्हाळ्याचा विचार कुठलीच जाहिरात करत नाही. २० अंशांना बाटलीत साधारण ५० बार दाब असतो. ३६.४ अंशांच्या वर हा वायू द्रव राहूच शकत नाही, आणि दाब ७२ बारच्या पुढे सरकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल ते बघा. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. हौस असेल तर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ‘व्हॅली रन’सारख्या शर्यती त्यासाठीच आहेत.

राहता राहिला शेवटचा समज, की हा वायू फक्त बाटलीतच मिळतो. युरिया टाकून पाणी सोडलेल्या उसाच्या फडात मातीतले जिवाणू तो फुकट तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. इंजिनात गेलेला नायट्रस बहुतांश तिथेच फुटून जातो. फडातून उठलेला मात्र शंभराहून जास्त वर्षं हवेत टिकतो.