पोरांच्या मापाचं मैदान

पेनसिल्वेनिया राज्यातलं विल्यम्सपोर्ट हे सस्क्वेहाना नदीकाठचं गाव एके काळी लाकडाच्या धंद्यावर गबर झालं होतं. जंगलं संपली तशी ती श्रीमंतीही ओसरली. आज जग या गावाला ओळखतं ते ‘लिटल लीग’मुळे, म्हणजे शाळकरी पोरांच्या बेसबॉलमुळे.

कार्ल स्टॉट्झ हा इथला एक साधा कारकून. १९३८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भाच्यांशी अंगणात चेंडू खेळताना लायलॅकच्या झुडपात धडपडून त्याने पाय खरचटून घेतला. पाय चोळत बसला असताना त्याला आपल्या लहानपणची आठवण झाली : मोठी पोरं खेळायला घेत नसत, बॅट हातात पेलत नसे, चेंडू फाटकाच मिळे. या पोरांना नीट गणवेश, धड चेंडू आणि स्वतःचा संघ मिळाला तर?

कल्पना कोणालाही सुचली असती. स्टॉट्झचं खरं कर्तृत्व त्यापुढच्या खटाटोपात आहे. बेसबॉलच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर ‘बेस’ असतात. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे पळतो. चेंडू त्याच्याआधी तिथे पोचला की तो बाद. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर ९० फूट. एवढं अंतर पळताना दहा वर्षांच्या पोराची दमछाक होते आणि त्याने लांबून फेकलेला चेंडूही वाटेतच टप्पे खातो. म्हणून स्टॉट्झने आळीतली पोरं पार्कात जमवली आणि बेसच्या जागी वर्तमानपत्रं अंथरली. पोरं पळायची, फेकायची, आणि तो कागद पुढे-मागे सरकवत राहायचा. पळणारा आणि चेंडू यांच्यात चुरस दिसू लागली, तेव्हा अंतर भरलं ६० फूट. तेच आजही कायम आहे. नऊ डावांचे सहा केले, बॅटही हलकी घेतली. मुलांचं क्रिकेट मोठ्यांच्याच बावीस यार्डांवर खेळवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा कागद सरकवणारा कारकून जरा लक्षात ठेवावा.

पैशाचं मात्र अवघड होतं. छप्पन्न दारांवरून नकार घेऊन परतल्यावर लायकमिंग डेअरीने तीस डॉलर दिले, असं सांगतात. पाठोपाठ एक लाकूड कंपनी आणि एक प्रेट्झेलवाला तयार झाले आणि तीन संघ उभे राहिले. ६ जून १९३९ च्या पहिल्या सामन्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. त्या आकड्यांवरूनच गोलंदाजी कशी झाली असेल ते कळतं!

युद्धानंतर लीग झपाट्याने पसरली. १९४७ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली, पुढच्याच वर्षी ‘यू. एस. रबर’ ही बूट बनवणारी कंपनी पाठीशी आली. पैसा आला तशी कंपनीची माणसंही आली. १९५२ मध्ये त्याच कंपनीतले पीटर मॅकगव्हर्न अध्यक्ष झाले. कारभार कोणाच्या हातात, यावरून स्टॉट्झशी बिनसलं आणि १९५५ च्या अखेरीस प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड झाली, पण ज्याने लीग काढली तोच तिच्याबाहेर पडला आणि आपल्या जुन्या मैदानावर वेगळी छोटी लीग चालवू लागला.

त्याच १९५५ सालची दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएने कृष्णवर्णीय मुलांचा संघ राज्य स्पर्धेत उतरवला. त्यांच्याशी खेळायला नको म्हणून गोऱ्यांच्या संघांनी माघार घेतली. समोर कोणीच न उरल्याने मुलं न खेळताच विजेती ठरली, आणि मग नियमावर बोट ठेवून त्यांना सांगण्यात आलं की खेळून जिंकलेला संघच पुढे जातो. विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेला त्यांना बोलावलं ते पाहुणे म्हणून. अंगात गणवेश, बसायला प्रेक्षकांतली जागा. ‘खेळू द्या त्यांना’ असा पुकारा स्टेडियममध्ये झाला. पण नियम काही हलला नाही.

दोनच वर्षांनी मेक्सिकोतल्या मॉन्टेरेच्या पोरांनी अंतिम सामना मारला. आन्हेल मासियास या बारा वर्षांच्या पोराने समोर आलेले अठराच्या अठरा फलंदाज एकालाही बेस गाठू न देता बाद केले. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता. मुलींना मात्र १९७४ पर्यंत थांबावं लागलं. न्यू जर्सीतल्या होबोकेनची मारिया पेपे तीन सामने खेळली, तेवढ्यात तिला काढण्यात आलं. तिच्या बाजूने निकाल लागेतो तिचं लीगमध्ये खेळायचं वय उलटून गेलं होतं.

वयचोरी ही काही आपल्याच शालेय स्पर्धांची मक्तेदारी नाही. २००१ मध्ये ब्राँक्सच्या संघाचा तुफान गोलंदाज चौदा वर्षांचा निघाला आणि संघाचे सगळे विजय पुसले गेले. त्यात त्या पोरापेक्षा खोटी कागदपत्रं पुढे करणाऱ्या मोठ्यांचाच दोष अधिक.

आजही ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला जगभरचे संघ येतात. प्रवेश फुकट असतो, अंपायर मानधन घेत नाहीत आणि मैदानामागच्या टेकडीवरून पोरं पुठ्ठ्यावर बसून घसरत असतात. सामने टीव्हीवर दिसू लागल्यापासून प्रशिक्षकांचा आणि आईबापांचा जोर वाढला, कोवळे खांदे-कोपरं दुखू लागली. अखेर २००७ मध्ये फेकींवर मर्यादा आली : अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे, आणि आताच्या नियमानुसार ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती.