निर्दोषतेचे मोजमाप

दिल्लीच्या द्वारका उपनगरात ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो पोहोचली. समजा, अशा एखाद्या मार्गावर सरासरीने हजारांत एकच फेरी उशिरा होते आणि देखभालीची नवी पद्धत सुरू झाली आहे. सुधारणा खरोखर झाली, हे कसे ओळखावे?

वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख योजिला. १९४७-४८ मध्ये महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही आले. आलेखातील बिंदू खालच्या मर्यादेखाली उतरला, म्हणजे दोष घटले असे समजतात. परंतु शंभर-शंभर फेऱ्यांचे गट पाडल्यास बहुतेक गटांत दोष शून्यच आढळतो, आणि मर्यादाही शून्यावरच टेकते. शून्याखाली बिंदू उतरणार कसा? ती मर्यादा शून्याच्या वर येण्यास सुमारे ९,००० फेऱ्यांचा गट लागेल.

म्हणून दोषांऐवजी दोन दोषांमधील निर्दोष फेऱ्या मोजतात. जुनीच स्थिती असती, तर सलग ६,६०० फेऱ्या वेळेवर होण्याचा संभव दहा हजारांत सुमारे चौदा इतकाच. ती संख्या ओलांडली, की केवळ योगायोग म्हणणे कठीण. असे मोजमाप नसेल, तर उपयुक्त पद्धतही निष्फळ समजून टाकून दिली जाते.