फाँग जोखीम गुणांक
फाँग जोखीम गुणांक ही मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात पसरल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका वर्तवणारी पद्धत आहे. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राचे शल्यचिकित्सक युमन फाँग व सहकाऱ्यांनी १,००१ रुग्णांच्या अभ्यासावरून ती १९९९ मध्ये मांडली.

पुढील प्रत्येक बाबीस एक गुण मिळतो: मूळ गाठीजवळील लसीका ग्रंथींत कर्करोग, मूळ रोगानंतर १२ महिन्यांच्या आत यकृतात प्रसार, यकृतात एकाहून अधिक गाठी, ५ सेंमीहून मोठी गाठ, रक्तात सीईए या प्रथिनाचे प्रमाण २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक.

मूळ अभ्यासात शून्य गुण असलेल्यांपैकी ६० टक्के, तर पाच गुण असलेल्यांपैकी १४ टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. हा अंदाज गटाचा असतो, एका रुग्णाचा नव्हे. शिवाय गाठीतील जनुकीय बदलांचा त्यात विचार नाही.