सुरतेत बिऱ्हाड करावे केव्हा?

घर बांधणे आणि लग्न करणे यांतील यातायात आपल्या वाडवडिलांनी एका म्हणीत सांगून ठेवली आहे. परक्या शहरात भाड्याचे घर शोधणाऱ्याच्या हालांवर मात्र त्यांनी म्हण केली नाही, कारण गावात राहणाऱ्यास तशी वेळच क्वचित येई. आता नोकरीनिमित्त हजिऱ्याच्या कारखान्यांत किंवा सुरत शहरात जाणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. अशा वेळी घर कोठे घ्यावे हे सारेच विचारतात. केव्हा घ्यावे हे फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः पैशांची बचत किंवा नुकसान पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते.

सुरतेचे वर्ष तिच्या धंद्यांच्या चालीने चालते. वराछा आणि कतारगाम या भागांत सौराष्ट्रातून आलेले हिऱ्यांचे कारागीर राहतात. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने सुमारे तीन आठवडे बंद असतात आणि ही मंडळी आपापल्या गावी जातात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या यंत्रमागांच्या बाजूच्या वस्त्यांत खानदेशातील मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचे गावी जाणे मे महिन्याच्या सुटीत व लग्नसराईत. त्यामुळे बिऱ्हाडे हलण्याचे दोन मोठे हंगाम असतात : एक दिवाळीनंतरचा, दुसरा मे-जूनचा.

यांपैकी मे-जून हा सर्वांत महाग. शाळा जूनमध्ये उघडतात, बदल्याही याच सुमारास होतात. एका घरामागे चार गिऱ्हाइके उभी राहिली म्हणजे घरमालकाने भाडे कमी का करावे? शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला हा हंगाम टाळता येत नाही. त्यांनी निदान एप्रिलच्या मध्यास जाऊन घर पाहावे व गर्दीपूर्वी ठरवून टाकावे.

ज्यांच्यामागे शाळा नाही, त्यांच्यासाठी दुसरी वेळ आहे. सुमारे १६ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंतचा काळ, ज्याला आपल्याकडे धनुर्मास म्हणतात, गुजरातेत ‘कमुरता’ म्हणून ओळखला जातो. या महिन्यात तेथील पुष्कळ हिंदू कुटुंबे नव्या घरात पाऊल टाकीत नाहीत. पितृपक्षातही तसेच. मागणी मंदावली की रिकाम्या घराचा मालक थोडा नमतो. नाताळची सुटी याच दिवसांत येत असल्याने आपल्या माणसांना घर पाहण्यास सवडही असते. मालकाला त्या काळात किल्ली देणे रुचत नसेल, तर त्याच्या श्रद्धेचा मान राखावा. भाडे आज ठरवावे आणि राहावयास उत्तरायणानंतर जावे. महिन्याला ५०० रुपये कमी झाले, तरी अकरा महिन्यांत ५,५०० रुपये वाचतात.

परंतु स्वस्त घर नेहमीच चांगले असते असे नाही. घराची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. शहरातून वाहणाऱ्या खाड्याही अतिवृष्टीत काठच्या वस्त्यांत शिरतात. म्हणून शक्य असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी मारून घराची भिंत, जिना व गल्ली पाहावी. ते न जमल्यास दलालाला न विचारता शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारावे, की २००६ साली पाणी कोठवर आले होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च व खटपट टाळण्यासाठी करार अकरा महिन्यांचे करण्याची रूढी पडली आहे. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण हिशेब करून पाहा. १ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो, पुढचा ३१ मार्चला आणि तिसरा फेब्रुवारीअखेर, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर! त्या वेळी मालकाने भाडे वाढविले किंवा घर सोडण्यास सांगितले, तर मुलाच्या वर्षाचे काय? यास्तव मुले शिकणारी असतील तर खर्च सोसून नोंदणीकृत अधिक मुदतीचा करार करावा. निदान शालेय वर्ष संपेपर्यंत घर खाली करावे लागणार नाही, आणि नवीन करारात भाडे किती वाढेल, हे आधीच लेखी घ्यावे.

आणखी एक. सुरतेत पुष्कळ घरमालक शाकाहारी भाडेकरूच पसंत करतात. आपल्या घरी तर मासळीवाचून जेवण होत नाही. ही गोष्ट लपवून घेतलेले घर चार महिन्यांत सोडावे लागते, आणि दलाली व सामानाच्या टेम्पोचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. तेव्हा पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे ना, हेही पाहावे आणि अनामत रकमेची पावती घ्यावी.

सारांश, पावसात घर पाहावे, इतरांची घाई नसेल तेव्हा भाडे ठरवावे आणि करार मुलांच्या सुटीत संपेल असा करावा. भाड्याचे घर आपले नसते हे खरे. परंतु त्यात गेलेली मुलांची वर्षे आपलीच असतात.