गोहलपूरची कमाई कोणत्या रकान्यात?

मध्य प्रदेशातल्या जबलपूर शहराच्या उत्तरेला गोहलपूर ही दाट वस्ती आहे. जबलपूरचे सलवार सूट दूरदूरच्या बाजारांत जातात आणि रेडिमेड कपड्यांचा क्लस्टर याच गोहलपूरच्या लेमा गार्डन भागात उभा राहिला. शहरातले शिलाईचे काम क्लस्टरच्या भिंतींत मावत नाही. त्यातले पुष्कळसे घरोघरी, नगावर मजुरी घेऊन चालते. याच शहरात १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी आहे, १९६९ची व्हेइकल फॅक्टरी आहे. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना या दोन जगांची मोजणी मात्र सारखी होत नाही.

मोठ्या कारखान्याचा हिशेब सोपा असतो. वर्षभरात तयार झालेल्या मालाच्या किमतीतून कच्चा माल, वीज, इंधन यांचा खर्च वजा केला की मूल्यवर्धन मिळते. घरात शिवणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या बाईकडे हिशेबाची वही नसते. म्हणून असंघटित उद्योगासाठी नमुना पाहणीतून एका कामगारामागचे मूल्यवर्धन काढतात आणि त्याला कामगारांच्या संख्येने गुणतात. जिल्ह्याच्या पातळीवर असे नमुने बहुधा अपुरे पडतात. मग राज्याचा आकडाच कामगारसंख्येच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटला जातो.

म्हणजे सगळी भिस्त कामगारसंख्येवर. जबलपूर जिल्ह्याची २४ लाख ६३ हजार ही लोकसंख्या २०११च्या जनगणनेतली आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. ज्या बाईची ‘गृहिणी’ म्हणून नोंद झाली, तिची शिलाई कामगारसंख्येत येत नाही आणि उत्पन्नाच्या वाटपातही येत नाही.

जे मोजले जाते, तेही फसवू शकते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. तिथल्या विजेचे मूल्य चंद्रपूरच्या खात्यात जमा होते, पण त्यातला मोठा हिस्सा जिल्ह्याबाहेर जातो. उत्पादन जिथे होते आणि उत्पन्न ज्यांच्या हाती पडते, ती ठिकाणे वेगळी असू शकतात. त्यामुळे दरडोई उत्पन्नाचा फुगलेला आकडा तिथल्या घरांची स्थिती सांगत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा वेगळ्या वाटेने हात घातला होता. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४च्या अहवालात उत्पन्नाऐवजी सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा सोयी मोजल्या. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला: विदर्भाचा १,२४७, मराठवाड्याचा ७५१ आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. हा शेवटचा आकडा बोलका आहे. पुढारलेल्या मानल्या गेलेल्या भागातही मागे पडलेले जिल्हे होते. जिल्हावार मोजल्यामुळेच ते दिसले.

हाच न्याय पुढे नेला पाहिजे. प्रदेशाच्या सरासरीत जिल्हा झाकला जातो, तशीच जिल्ह्याच्या सरासरीत वस्ती झाकली जाते. १९५६पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. सीमा बदलल्या, पण मागे पडलेला भाग शोधण्याचे काम दोन्हीकडे अपुरेच राहिले. महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोल कमी करण्यासाठी १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२०मध्ये त्यांची मुदतही संपली.

मोजणी सुधारण्याची संधी आता आली आहे. जानेवारी २०२५पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा मूळ स्तर धरला जातो. राज्यांनी त्यात आपले नमुने वाढवून मिसळले, तर जिल्ह्याचा अंदाज राज्याकडून उसना घ्यावा लागणार नाही. शहरांच्या योजनांनीही प्रभागवार विचारले पाहिजे: इथे घरात बसून किती जण कमावतात, त्यांना वीज कोणत्या दराने मिळते, मालासाठी कर्ज कोण देते? क्लस्टरच्या इमारतीइतकाच खर्च या उत्तरांवर व्हायला हवा. गरज कळल्याशिवाय केलेले नियोजन ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्याकडेच वळते.

फेब्रुवारी २०२७मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. घरातली बाई शिवते, विड्या वळते, पापड लाटून विकते, तर तिचे काम ‘काम’ म्हणूनच सांगा आणि तसेच लिहून घ्यायला लावा. पुढच्या दहा वर्षांच्या योजनांत तिचा वाटा त्या नोंदीवरून ठरणार आहे.