कोर्लईच्या चर्चची पायरी चढण्याआधी

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावहून मुरुडच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळात कोर्लई येते. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला, जवळ दीपगृह, पायथ्याला गाव आणि गावात कार्मेल मातेचे चर्च. पर्यटक किल्ला बघतात, मासे खातात आणि निघतात. चर्चकडे वळतो तो एखाददुसरा, आणि त्यातही एक वेगळा माणूस असतो. कडक धार्मिक घरातून तो बाहेर पडलेला असतो. ते घर सोवळ्याओवळ्याचे असेल, एखाद्या गुरूच्या शब्दावर चालणाऱ्या पंथाचे असेल, किंवा सिनेमा, दागिने आणि सण सगळेच वर्ज्य मानणाऱ्या ‘बिलिव्हर’ मंडळींचे असेल. देव सुटलेला नसतो, घर मात्र सुटलेले असते. कॅथलिक धर्माकडे बघताना त्याच्या मनात दोन चित्रे असतात: एक तर हा सैल, मोकळाढाकळा धर्म आहे, नाहीतर हा जुनाच तुरुंग आहे, फक्त जेलर नवा. दोन्ही चित्रे चुकीची आहेत. त्यांच्या आजूबाजूला बाकीचे गैरसमजही पुष्कळ आहेत.

‘ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती, टिळक काय आणि कोर्लईकर काय’

मराठी वाचकाला धर्मांतर म्हटले की रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी आठवतात. यांपैकी कोणीही कॅथलिक नव्हते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला तो अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळींच्या हातून. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन झाल्या. रायगडच्या किनाऱ्यावरचा कॅथलिक धर्म या सगळ्यांपेक्षा तीनशेहून अधिक वर्षांनी जुना. पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला तो १५२१ मध्ये. प्रॉटेस्टंटांचा मुख्य आधार बायबल; कॅथलिकांचा आधार बायबल आणि त्यासोबत चालत आलेली परंपरा, सात संस्कार, बिशप आणि पोप. रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. तेव्हा कुठे विचारपूस करायची तर आधी हे ठरवावे की आपण नेमक्या कोणत्या दाराशी उभे आहोत.

‘हे सगळे पोर्तुगीजांनी बाटवलेले’

यात अर्धे खरे आहे, म्हणूनच हा गैरसमज चिवट आहे. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. वसई-चौलचा उत्तरेकडचा मुलूखही त्याच्या कक्षेत होता. सक्ती झाली, आमिषे दिली गेली. ती झाकण्यात अर्थ नाही. पण कोर्लईची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. तिथले शिपाई आणि स्थानिक बायका यांच्या संसारातून एक वस्ती उभी राहिली आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून एक बोली तयार झाली. गावकरी तिला ‘नोलिंग’ म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिले. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत.

१७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज गेले. सक्ती करणारे हात गेले, पण माणसे चर्चला धरून राहिली. पावणेतीनशेहून अधिक वर्षे कोणी कोणाला बंदुकीच्या धाकाने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसवून ठेवत नाही. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर चर्चमधल्या पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला इथे परक्या भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही.

‘डोक्यावर पाणी पडले की झाला ख्रिस्ती’

सगळ्यात मोठी गल्लत हीच, आणि ती दोन्हीकडून होते. विरोधकांना वाटते की चर्च माणसे पटापट ओढते. घर सोडून आलेल्याला वाटते की फादरकडे जाऊन ‘मला यायचे आहे’ म्हटले की पुढच्या रविवारी काम होईल. प्रत्यक्षात घाई याला असते, चर्चला नसते.

प्रौढ माणसासाठी एक ठरलेली वाट आहे. तिचा आजचा विधी १९७२ मध्ये तयार झाला. आधी नुसती विचारपूस. मग शिक्षणार्थी म्हणून स्वीकार, आणि त्यानंतर काही महिन्यांचे, कधी वर्षाहून जास्तीचे शिक्षण. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवड, त्याच काळातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी. आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधारात पेटवलेल्या मोठ्या मेणबत्तीसमोर, बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिले कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) एकाच वेळी. चर्चचा कायदा म्हणतो की प्रौढाने स्वतःची इच्छा व्यक्त केलेली हवी, त्याला पुरेसे शिकवलेले हवे आणि मधल्या काळात त्याला पारखलेले हवे. कोणाच्या सद्सद्विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक करण्याची मनाईही त्याच कायद्यात लिहिलेली आहे.

‘बिलिव्हर’ घरातून आलेल्यासाठी गोष्ट निराळी. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आधी बाप्तिस्मा झाला असेल तर कॅथलिक चर्च तो मानते आणि पुन्हा देत नाही. काही मंडळ्या फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. तो चालत नाही. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असे रोमने २००१ मध्ये स्पष्ट केले. म्हणून फादर जुना दाखला मागतात आणि बाप्तिस्मा कसा झाला ते खोदून विचारतात. तो अविश्वास नव्हे. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

‘पाप करा, फादरच्या कानात सांगा, मोकळे व्हा’

हा विनोद म्हणून ठीक. पापनिवेदनाला पश्चात्ताप लागतो, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय लागतो आणि झालेल्या नुकसानाची भरपाईही लागते. चोरी कबूल केली म्हणून चोरीचा माल खिशात ठेवता येत नाही. ऐकलेले बाहेर सांगणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यातली सर्वांत कडक शिक्षा, बहिष्कार, होते.

पण कडक घरातून आलेल्यासाठी खरा धोका याच्या अगदी उलट्या बाजूला आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे वर्णन केले आहे. त्या शुद्धीच्या वेडाने सगळे घर पोळले होते. अशा घरात वाढलेला माणूस घर सोडतो, पण सवय बरोबर घेऊन येतो. हात धुण्याच्या जागी पापे मोजणे येते. सांगितले ते नीट सांगितले का, काही राहिले का, म्हणून पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभे राहणे येते. चर्चला ही व्याधी नवी नाही. इग्नेशियस लोयोला आणि आल्फोन्सस लिगोरी हे दोन संत स्वतः त्यातून गेले. अशा माणसाला जुना सल्ला असा की एकच धर्मगुरू धरावा, तो ‘पुरे’ म्हणाला की थांबावे. त्याच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, हे माझे मत; नुसत्या प्रार्थनेवर हे सोडू नये.

याच ओघात एक सांगायला हवे. मासिक पाळीत मिस्साला येण्यावर, कम्युनियन घेण्यावर कॅथलिक चर्चमध्ये कोणतीही बंदी नाही. सोवळ्याच्या घरातून आलेल्या बाईला हे ऐकून आश्चर्य वाटते. दुसरीकडे, बाई धर्मगुरू होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

‘पोप म्हणेल ते ब्रह्मवाक्य’

एका गुरूच्या हाताखालून निघालेल्याला हा प्रश्न टोचणारच. पोपच्या अचूकपणाचा सिद्धांत १८७० मध्ये मांडला गेला. त्याच्या अटी इतक्या अरुंद आहेत की त्यानंतर त्या अधिकाराने स्पष्ट घोषणा एकदाच झाली, १९५० मध्ये, मारियेच्या स्वर्गारोहणाविषयी. तो सण येतो १५ ऑगस्टला. पोपचे विमानातले बोलणे, मुलाखती, राजकीय मते त्या अटींत बसत नाहीत. पण म्हणून बाकी सगळे ऐच्छिक असेही नाही. चर्चची शिकवण कॅथलिक माणसाला बांधते.

या बाबतीत रमाबाईंचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. उपासतापास, व्रते, तीर्थयात्रा यांत वाढलेल्या रमाबाई बाप्तिस्मा घेतल्यावरही वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी पत्रांतून हुज्जत घालत राहिल्या. १८८५ च्या एका पत्राचा आशय असा: मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले, आता दुसऱ्या पुरोहितांची प्रत्येक आज्ञा देवाची म्हणून मानायला मी तयार नाही. अँग्लिकन चर्चमध्ये राहून त्या हे म्हणत होत्या. कॅथलिक चर्चमध्ये अधिकाराचा भाग त्याहून ठळक आहे. ज्याला रमाबाईंचे म्हणणे शब्दशः पटते, त्याने कॅथलिक होण्याआधी दहादा विचार करावा. प्रश्न विचारायला तिथे मज्जाव नाही, शिक्षणाच्या काळात ते विचारायचेच असतात. पण प्रत्येक उत्तर आपणच ठरवू, ही मुभा तिथे नाही.

‘मोकळाढाकळा धर्म आहे, काही बंधन नाही’

वाइन चालते, मासे-मटण चालते, नाच चालतो. एवढे बघून कोणी निष्कर्ष काढत असेल तर थांबावे. दर रविवारी मिस्सा बंधनकारक आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास. कम्युनियनच्या आधी तासभर पाण्या-औषधाखेरीज काही घ्यायचे नाही. घटस्फोट चर्च मानत नाही. विवाह मुळातच अवैध होता का, एवढेच त्याचे न्यायमंडळ तपासते. कृत्रिम संततिनियमनाला १९६८ च्या पोपच्या पत्रात नकार आहे. ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराशी चर्चमध्ये लग्न करायचे तर बिशपची परवानगी लागते, आणि कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांना त्या धर्मात वाढवण्यासाठी होईल ते सगळे करण्याचे वचन द्यावे लागते.

मूर्ती, नाव, बांगड्या

मूर्तिपूजा पाप मानणाऱ्या घरातून आलेला मारियेच्या पुतळ्यासमोर अडखळतो. पूजा एकट्या देवाची, संतांचा मान वेगळा, हा भेद इसवी सन ७८७ च्या नायसियाच्या परिषदेने केला. पटो न पटो, भेद जुना आहे. नाव बदलावेच लागते असेही नाही. ते ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे इतकीच अट. प्रॉटेस्टंट टिळकही टिळकच राहिले. बांगड्या, साडी, आडनाव कोणी काढून घेत नाही. आईवडिलांशी नाते तोडायला तर चर्च सांगतच नाही. अन्य धर्मांतले सत्य आणि पवित्र ते आम्ही नाकारत नाही, असे व्हॅटिकनने १९६५ मध्ये जाहीर केले आहे.

‘कागदावर काही फरक पडत नाही’

पडतो. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. कातकरी, ठाकर यांच्यासारख्या अनुसूचित जमातींचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण आहे, पण धर्मांतराने लग्न आपोआप मोडत नाही. वडिलोपार्जित हक्क धर्मांतराने आपोआप जात नाही. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळण्यात हिंदू वारसा कायद्याने अडसर घातला आहे. घर-जमीन असलेल्याने फादरच्या आधी वकिलाला भेटलेले बरे.

‘नाही पटले तर नाव काढून घेईन’

चर्चमध्ये नुसते जाऊन बसायला काही लागत नाही. मागच्या बाकावर बसावे, लोक उठले की उठावे, गुडघे टेकताना बसून राहिले तरी चालते. कम्युनियनच्या वेळी लोक रांगेत पुढे जातात तेव्हा जागेवरच राहावे. तो प्रसाद सगळ्यांना वाटण्याचा नाही, आणि हे माहीत नसल्याने बाहेरून आलेल्यांची अनेकदा पंचाईत होते. शिक्षणाच्या वाटेवर कोणत्याही टप्प्यावर थांबता येते. कोणाला कारण द्यावे लागत नाही.

बाप्तिस्म्यानंतर मात्र तसे नाही. देशाच्या कायद्याने धर्म सोडण्याचे स्वातंत्र्य आहेच, चर्चला जाणे कोणीही बंद करू शकतो. पण चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्म्याची खूण पुसता येत नाही. चर्चमधून औपचारिक फारकत घेतलेल्याला त्याच्या विवाहनियमांतून जी सूट होती, तीही पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये काढून टाकली. चर्चच्या नोंदवहीतली बाप्तिस्म्याची ओळ तशीच राहते. फार तर शेजारी टीप लिहिली जाते. एक घर सोडून आलेल्याला हे फादरने पहिल्याच भेटीत सांगायला हवे. त्याने सांगितले नाही, तर आपण विचारावे.