आगीचे शिक्षण कोणाकडून घ्यावे?

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला आगीची भीती सांगावी लागत नाही. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला, की ठिणगी उडते. रुई पेट घेते. कधी कधी आग गाठीच्या पोटात धुमसत राहते. बाहेरून काहीच दिसत नाही.

अशा वेळी काय करायचे, हे कामगाराला आधी शिकवलेले असले पाहिजे. आग लागल्यावर शिकायला वेळ कुठला? १९४८ सालच्या कारखाना कायद्यातही असे कलम होते. बाहेर पडण्याची वाट कामगारांना माहीत हवी आणि तिचा सराव हवा, असे त्यात सांगितले होते.

पण शिकवणार कोण? शिक्षण दोन प्रकारचे असते.

एक, मान्यता असलेले. म्हणजे शिक्षक कोण, काय शिकवतात, परीक्षा कशी घेतात, हे सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या मंडळाने तपासलेले असते. काही संस्था तर सरकारच चालवते. नागपूरला केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि १९५७ साली नागपूरला आले.

दुसरे, मान्यता नसलेले. सिलिंडर विकणारा येतो, तासभर बोलतो आणि कागद देऊन जातो. किंवा कारखान्यातलाच जुना जाणता माणूस चार गोष्टी दाखवतो.

दुसरे सगळे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या कारखान्याचे दार कोणते, घंटा कुठे, विजेचे बटण कुठे, हे घरचाच माणूस नीट दाखवील. पण बाहेरच्या माणसाचे बोलणे बरोबर की चूक, हे कोणी तपासलेले नसते. विजेची तार जळत असताना पाणी मारा, असे कोणी सांगितले तर? पाण्यातून वीज येते आणि माणूस जागीच मरतो!

म्हणून आम्हांला वाटते, दोन्हींची सांगड घालावी. प्रत्येक पाळीतल्या दोघाचौघांना मान्यता असलेल्या संस्थेत शिकवून आणावे. मग त्यांनी बाकीच्यांना आपल्याच आवारात शिकवावे.

पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा:

मान्यता कोणाची? तिचा कागद दाखवा. ती कधीपर्यंत आहे?

यंत्रे बसवण्याचा परवाना दाखवला, तर भुलू नका. तो परवाना वेगळा आणि शिकवण्याची मान्यता वेगळी.

आमच्या हातून करवून घेणार का? पिन ओढणे, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरणे, दांडी दाबणे, हे नुसते ऐकून येत नाही.

मुलाला अग्निशमन दलात नोकरी हवी असेल, तर ते दल कोणते प्रमाणपत्र मानते, हे त्या दलाच्या कचेरीतच विचारा. नाहीतर फी जाते, वर्ष जाते आणि हाती नुसता कागद राहतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत एका बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि स्फोटक दारूगोळाही होता. मोठे स्फोट झाले. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणासाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात मालकाला सांगा, "साहेब, आमचा सराव घ्या." हे मागायला लाजू नका. जीव आपला आहे.